नागपूरची भूमि आणि नागपूरचे राजे

इंग्लंडच्या दक्षिण भागांत बर्कशर नांवाचा एक परगणा आहे. तेथें थेम्स नदीच्या कांठीं, खडूच्या एका टेकाडावर, विजेत्या विल्यम राजानें अकराव्या शतकांत विंडसरचा किल्ला बांधावयास घेतला. मध्यंतरींचा प्रजासत्ताकाचा अल्प काळ वगळला तर तेव्हांपासून आजपर्यंत, म्हणजे सुमारें ९५० वर्षें, इंग्लंडच्या राजांचें निवासस्थान ह्या नात्यानें तो किल्ला नांदत आला आहे. राजघराणीं बदललीं, धर्मपंथ बदलले, राजाचा अधिकार उत्तरोत्तर आकुंचित होत गेला. पण टेकडीवरचें घर राजाचेंच राहिलें.

नागपूर प्रांताचें चित्र ह्याच्या अगदीं उलट आहे. येथेंही नदी आहे, टेकडी आहे, आणि टेकडीवर किल्लाही आहे. परंतु त्या किल्ल्यांत नागपूरचा एकही राजा कधीं राहिला नाहीं. ज्या दोन राजकुलांनीं हें नगर वसविलें आणि वाढविलें त्यांचे वाडे टेकडीपासून दूर, सपाटीवर होते. ह्याहून ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं ह्या दोन्ही कुलांच्या हातून राज्य गेलें तें परक्या शत्रूनें अकस्मात् स्वारी केल्यामुळें नव्हे. आपण होऊन साह्यास बोलाविलेला मित्रच दोन्ही वेळां घरधनी होऊन बसला. एकाच ठिकाणीं, शंभर वर्षांच्या आंत, एकच गोष्ट दोनदां घडावी हा केवळ योगायोग म्हणतां येत नाहीं. त्याचें कारण शोधूं लागल्यास प्रथम येथील भूमीकडेच पाहावें लागतें.

नागपूर जिल्हा सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशीं पसरलेला आहे. उत्तरेस सातपुड्याच्या उतरत्या रांगा, पश्चिमेस वर्धा नदीचें खोरें, पूर्वेस वैनगंगेचें खोरें, आणि दक्षिणेस चंद्रपूरच्या अरण्यांकडे जाणारा मुलूख, अशी त्याची चतुःसीमा स्थूलमानानें सांगतां येईल. जिल्ह्याचें क्षेत्रफळ सुमारें ३,८०० चौरस मैल असून शहर समुद्रसपाटीपासून सुमारें १,००० फूट उंचीवर आहे. कन्हान आणि पेंच ह्या दोन नद्या सातपुड्यांतून खालीं येतात. कामठीच्या परिसरांत पेंच आणि कोलार ह्या नद्या कन्हानेस मिळतात, व ती पुढें वैनगंगेस जाऊन मिळते. ज्या नदीवरून शहरास नांव मिळालें असें मानतात ती नाग नदी मात्र अगदीं लहान. पश्चिमेकडील लाव्याच्या टेकड्यांत ती उगम पावते, जुन्या शहरांतून पूर्वेस वाहते, शहराबाहेर पडते, आणि अखेर कन्हानेचा आश्रय करते. जिल्ह्याच्या पश्चिम भागांतील जाम व वेणा ह्या नद्यांचें पाणी उलट दिशेस, वर्धेकडे जातें. परंतु वर्धा आणि वैनगंगा ह्या दोघी पुढें एक होऊन प्राणहिता हें नांव घेतात व गोदावरीस मिळतात. म्हणजे काटोलच्या शिवारांत पडलेला पाऊस आणि रामटेकच्या तळ्यांवर पडलेला पाऊस हे दोन वाटांनीं निघून अखेर एकाच मार्गानें बंगालच्या उपसागरास पोंचतात. हा प्रदेश मराठी बोलणारा असला तरी त्याचें पाणी पूर्वेकडे उतरतें. आणि पुढें त्याच्या राजांची दृष्टिही पूर्वेकडेच वळली, हें येथें लक्षांत ठेवावें.

भूस्तरशास्त्राच्या दृष्टीनेंही हें सीमेवरचें स्थळ आहे. मुंबईपासून येथपर्यंत पसरत आलेला दख्खनचा काळा पाषाण नागपूरजवळ संपतो, आणि पूर्वेस त्याहून फार पुरातन असे स्फटिकमय खडक उघडे पडतात. ह्या दोहोंच्या सांध्यावरच शहर वसलें आहे, आणि सीताबर्डीची टेकडी हा त्या काळ्या पाषाणाचाच एक अवशेष होय. स्टीफन हिस्लॉप ह्या स्कॉटिश मिशनऱ्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ह्या भागांतील खडकांचा व त्यांतील जीवावशेषांचा कसोशीनें अभ्यास केला. १८६३ सालीं टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यांत त्याचा अंत झाला. कामठीचे वालुकाश्म व त्यांच्यासमवेत सांपडणारा कोळसा, मनसर व रामटेक भागांतील मँगनीज, हें सर्व ह्याच भूमीचें धन. मध्य हिंदुस्थानांतील ह्या कोळशाच्या थरांस शास्त्रज्ञांनीं गोंडांच्या देशावरून ‘गोंडवन’ असें नांव दिलें, आणि एडवर्ड सूस ह्या ऑस्ट्रियन पंडितानें दक्षिण गोलार्धांतील पुरातन महाखंडास १८८५ सालीं तेंच नांव लाविलें. ज्या राजांस स्वतःचें लहानसें राज्य राखतां आलें नाहीं, त्यांच्या जातीचें नांव आज आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण ध्रुवाची भूमि ह्यांस एकत्र बांधून आहे!

ह्या दोन प्रकारच्या जमिनींमुळें जिल्ह्याचीं दोन शिवारें झालीं आहेत. पश्चिमेस काळी, कसदार, कापसाची व संत्र्यांची जमीन. पूर्वेस तळ्यांवर पोसणाऱ्या धानाचा मुलूख. संत्र्याचीं झाडें अठराव्या शतकांत भोसल्यांनीं त्या वेळच्या औरंगाबादेहून आणविलीं अशी परंपरा आहे. कापूस आणि धान, काळा पाषाण आणि पांढरा खडक, मराठी आणि हिंदी, गोंड आणि कुणबी, ह्या सर्वांची गांठ येथें पडते. अशा ठिकाणीं बाजारपेठ सहज भरते, पण राजधानी सहज टिकत नाहीं. कारण सातपुडा सोडला तर कोणत्याही बाजूस निसर्गानें तट घातलेला नाहीं. वऱ्हाडांतून वर्धा ओलांडून घोडदळ येऊं शकतें, पूर्वेकडून छत्तीसगडची वाट खुली आहे, आणि दक्षिणेकडून चांद्याची. देशाच्या सर्व मोठ्या वाटा जेथें एकमेकींस छेदतात तेथें राहणाऱ्यास पाहुण्यांची उणीव पडत नाहीं. मात्र कोणता पाहुणा परत जाईल हें सांगतां येत नाहीं.

शहरांतील सुप्रसिद्ध ‘झीरो माइल’चा दगड ह्या मध्यवर्तित्वाचें चिन्ह म्हणून दाखविला जातो. हिंदुस्थानचा तो नेमका मध्यबिंदु, अशी लोकांची दृढ समजूत आहे. वस्तुतः मोजणी खात्यानें उंची मापण्यासाठीं १९०७ सालीं ठरविलेली ती एक प्रमाण-खूण आहे. समुद्रसपाटीपासून त्या जागेची उंची सुमारें १,०२० फूट आहे, एवढेंच त्या खुणेचें मूळ प्रयोजन. पण लोकांनीं तिला देशाचा मध्य मानावें ह्यांत त्या शहराची स्वतःविषयींची कल्पना दिसून येते.

ह्या भागांतील ज्ञात राजसत्तांमध्यें अग्रस्थान वाकाटकांचें. रामटेकजवळील नगरधन हें त्यांचें नंदिवर्धन. चवथ्या शतकाच्या अखेरीस व पांचव्याच्या आरंभीं येथें प्रभावतीगुप्ता ही राणी राज्यकारभार पाहत होती. ती मगधाच्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या व वाकाटक दुसऱ्या रुद्रसेनाची पत्नी. पति अकालीं वारल्यावर अल्पवयी पुत्रांच्या वतीनें तिनें राज्य चालविलें, आणि तिच्या ताम्रपटांत तिनें माहेरच्या गुप्तकुलाची वंशावळ मोठ्या अभिमानानें नमूद केली. विधवा राणी, अल्पवयी वारस आणि बाहेरचें बलाढ्य राजकुल, हें दृश्य ह्या भूमीवर पुढें पुन्हा पुन्हा दिसणार होतें. मात्र प्रभावतीच्या बाबतींत बाहेरचें कुल तिच्या पित्याचें होतें, आणि राज्य तिच्या पुत्रांच्याच हातीं राहिलें. कालिदासाच्या मेघदूतांतील रामगिरि म्हणजे रामटेकच, हें मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनीं साधार प्रतिपादिलें, तेंही ह्याच संबंधावरून.

नागपूर हें नांवही समजलें जातें त्याहून बरेंच जुनें आहे. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा इ. स. ९४० चा एक ताम्रपट वर्धा जिल्ह्यांतील देवळी येथें मिळाला. त्यांत ‘नागपुर-नंदिवर्धन’ ह्या विभागांतील एका गांवाचें दान सांगितलें आहे. पुढें देवगिरीच्या यादवांची सत्ता येथवर पोंचली. रामदेवरायाच्या काळचा शिलालेख रामटेकच्या देवळांत आहे. यादवांच्या मागून मात्र ह्या प्रदेशाचा इतिहास बराच काळ अरण्याच्या छायेंत गेला, आणि जेव्हां तो पुन्हा प्रकाशांत येतो तेव्हां राजे गोंड असतात.

देवगडचें गोंड राज्य सातपुड्यांत, आजच्या छिंदवाडा जिल्ह्यांत होतें. अकबराच्या काळीं तेथें जाटबा नांवाचा राजा होता. २,००० स्वार, ५०,००० पायदळ आणि १०० हत्ती त्याच्या पदरीं असल्याचें ‘ऐन-इ-अकबरी’ सांगते. हे राजे डोंगरांतच राहिले असते तर कदाचित् अधिक काळ टिकतेही. पण त्यांच्यापैकीं एकाची दृष्टि मैदानाकडे वळली. हा राजा औरंगजेबाच्या दरबारीं गेला, तेथें त्यानें इस्लाम धर्म स्वीकारला, आणि ‘बख्त बुलंद’ म्हणजे उच्च भाग्याचा हें नांव व देवगडची गादी मिळवून परतला. दिल्लीचें वैभव त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. शेतकरी, कारागीर, व्यापारी ह्यांस त्यानें आपल्या राज्यांत आणून वसविलें. त्यांत धर्माचा भेद केला नाहीं. नाग नदीच्या कांठच्या राजापूर-बारसा ह्या बारा वाड्यांस एकत्र करून १७०२ च्या सुमारास त्यानें जें नगर वसविलें तेंच आजचें नागपूर. पुढें बादशहा दक्षिणेंत गुंतला असतां बख्त बुलंदानें मोंगली मुलुखांत लूट आरंभिली, तेव्हां संतापलेल्या औरंगजेबानें त्याचें नांव बदलून ‘निगूनबख्त’, म्हणजे हीन भाग्याचा, असें ठेवण्याचा हुकूम दिला. इतिहासानें मात्र तो हुकूम मानला नाहीं.

बख्त बुलंदाचा वारस चांद सुलतान ह्यानें देवगडचा डोंगर सोडून नागपुरासच राजधानी केली, शहरास तट घातला, आणि जुम्मा तलाव बांधला. तोच आजचा गांधीसागर. राजधानी डोंगरांतून मैदानांत आली, आणि तिच्याबरोबर राज्याची सुरक्षितताही मैदानांत आली. १७३९ च्या सुमारास चांद सुलतान वारला, तेव्हां वलीशहा ह्या भाऊबंदानें गादी बळकाविली. राजाची विधवा राणी रतनकुंवर हिला आपल्या पुत्रांचा हक्क राखावयाचा होता. तिनें वऱ्हाडांत असलेल्या रघूजी भोसल्यांस साह्यासाठीं पाचारण केलें.

रघूजी भोसले हे साताऱ्याजवळील देऊरच्या घराण्यांतले. छत्रपति शाहूंनीं त्यांस ‘सेनासाहेबसुभा’ हें पद दिलें होतें. रघूजींनीं वलीशहाचा पाडाव केला, बुऱ्हाणशहा व अकबरशहा ह्या राजपुत्रांस गादी मिळवून दिली, आणि त्याचा मोबदला म्हणून द्रव्य व कांहीं मुलूख घेऊन ते परत गेले. गोष्ट येथेंच संपती तर राणीचा डाव सफल झाला असें म्हणतां आलें असतें. परंतु दोघां भावांत कलह माजला, आणि १७४३ सालीं बुऱ्हाणशहानें रघूजींस पुन्हा बोलाविलें. ह्या खेपेस ते परत गेले नाहींत. अकबरशहा हैदराबादेकडे निघून गेला. बुऱ्हाणशहास राजा ही पदवी, वार्षिक नेमणूक व राहण्यास किल्ला मिळाला. कारभार सर्व भोसल्यांच्या हातीं आला. नागपुरांत अशा रीतीनें दोन राजे झाले, एक नांवाचा आणि एक सत्तेचा. महाल भागांत गोंड राजांचा किल्ला आणि भोसल्यांचा वाडा जवळजवळ होते. मूळ धन्यास पदच्युत न करतां त्यास निवृत्त करण्याची ही युक्ति भोसल्यांनीं येथें यशस्वी करून दाखविली. तीच युक्ति पुढें आपल्यावर चालविली जाईल हें त्यांच्या स्वप्नींही आलें नसावें.

भोसल्यांचें कर्तृत्व मोठें होतें ह्यांत शंका नाहीं. रघूजींच्या सेना नद्यांच्या उताराच्या दिशेनें पूर्वेकडे निघाल्या. छत्तीसगड त्यांच्या सत्तेखालीं आलें. बंगालवर वर्षानुवर्षें स्वाऱ्या झाल्या. भास्करराम हा त्यांचा सेनानी १७४४ सालीं अलिवर्दीखानाच्या भेटीस गेला असतां दग्यानें मारला गेला. तरीही १७५१ च्या तहानें ओरिसा भोसल्यांच्या हातीं आला आणि बंगाल-बिहारच्या चौथाईदाखल वार्षिक १२ लक्ष रुपये ठरले. त्याच सुमारास चांद्याचें गोंड राज्यही नागपुरास जोडलें गेलें. १७५५ सालीं रघूजी वारले तेव्हां वऱ्हाडापासून बंगालच्या उपसागरापर्यंत त्यांची सत्ता पसरली होती. त्याच वैभवाबरोबर गृहकलहही आला. जानोजीनंतर मुधोजी व साबाजी ह्या बंधूंत युद्ध पेटलें, आणि १७७५ सालीं नागपूरच्या दक्षिणेस पांचगांवच्या रणांत साबाजी पडले.

दुसऱ्या रघूजींच्या काळीं हें वैभव ओसरूं लागलें. १८०३ सालीं असई आणि अडगांव येथील पराभव, गाविलगडचा पाडाव, आणि लगेच १७ डिसेंबर रोजीं देवगांवचा तह, अशा अवघ्या तीन महिन्यांच्या घडामोडींत कटक प्रांत व वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलें. राज्य घटलें, पण खर्च घटला नाहीं. तेव्हां उरलेल्या गांवांवर कराचें ओझें वाढलें. त्यांत पेंढाऱ्यांचा उपद्रव. १८११ सालीं ते थेट नागपूरपर्यंत आले व त्यांनीं शहराबाहेरील वस्त्या जाळल्या. गांवोगांवच्या मातीच्या गढ्या पुष्कळशा ह्याच काळांत उभ्या राहिल्या. पेंढारी दिसतांच गांवकरी बायकामुलांसह गढींत शिरत आणि जीव तेवढा वांचवीत. बाहेरचें पीक, गुरेंढोरें, घरदार हें सर्व तोंवर गेलेलें असे. निसर्गानें ज्या मैदानास तट दिला नाहीं तेथील कुणब्यानें आपला तट मातीनें उभारला. राजांच्या लढायांच्या तारखा इतिहासांत राहिल्या. ह्या गढ्यांच्या लढायांची तारीख कोणी लिहून ठेविली नाहीं.

१८१६ च्या मार्च महिन्यांत दुसरे रघूजी वारले. त्यांचा पुत्र परसोजी दुर्बल असल्यामुळें चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब हे कारभारी झाले. दरबारांत विरोधी पक्ष प्रबळ होता. स्वतःचें आसन स्थिर करण्यासाठीं आप्पासाहेबांनीं त्याच वर्षींच्या मे महिन्यांत इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला. रतनकुंवर राणीनें जें रघूजींच्या बाबतींत केलें तेंच आप्पासाहेबांनीं इंग्रजांच्या बाबतींत केलें, आणि फळही तेंच मिळालें. १८१७ च्या फेब्रुवारींत परसोजीचा खून झाला व आप्पासाहेब गादीवर आले. परंतु ज्या मित्राच्या आधारानें ते वर चढले त्याच्या पहाऱ्यांत राहणें त्यांस असह्य झालें. पुण्यास पेशव्यांनीं इंग्रजांशीं युद्ध आरंभिल्याचें वर्तमान आलें, आणि आप्पासाहेबांनींही शस्त्र उपसलें.

शहराच्या पश्चिमेस सीताबर्डीच्या दोन उघड्या टेकड्या आहेत, एक मोठी व एक लहान. इंग्रज वकील रिचर्ड जेन्किन्स ह्याची कोठी त्यांच्याच पायथ्याशीं होती. सर्व मैदानांत उंच जागा काय ती एवढीच, आणि तीच राजांनीं कधीं राखली नव्हती. कर्नल स्कॉट ह्यानें १,४०० च्या आंतबाहेर शिपायांसह ती अडविली. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळीं लढाईस तोंड लागलें आणि ती सुमारें १८ तास चालली. आप्पासाहेबांची सेना संख्येनें कितीतरी पट मोठी. त्यांतील अरबांनीं लहान टेकडी जिंकूनही घेतली. परंतु इंग्रजांच्या घोडदळाच्या एका धाडसी चालीनें मैदानांतील फौज विस्कटली, टेकडी पुन्हा त्यांच्या हातीं गेली, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत सर्व संपलें. इंग्रजांकडील साडेतीनशेंहून अधिक माणसें मेलीं वा जखमी झालीं, म्हणजे चौघांत एक. १६ डिसेंबर रोजीं शहराजवळ आणखी एक लढाई झाली, व महिना संपतां संपतां शहर इंग्रजांच्या ताब्यांत आलें. आप्पासाहेब पुढें कैदेंतून निसटले, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयास राहिले, आणि अखेर १८४० सालीं जोधपूर येथें परागंदा स्थितींत वारले. भोसल्यांच्या पराभूत राजास आसरा मिळाला तो ज्यांचें राज्य भोसल्यांनीं घेतलें होतें त्या गोंडांच्या डोंगरांत, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

सीताबर्डीवर आज जी तटबंदी दिसते ती विजेत्या इंग्रजांनीं नंतर बांधविली. विंडसरचा किल्ला राजानें बांधला व तो राजाकडे राहिला. सीताबर्डीचा किल्ला राजास वांकविण्यासाठीं बांधला गेला. त्यानंतर दुसऱ्या रघूजींचा अल्पवयी नातू तिसरा रघूजी ह्या नांवानें गादीवर बसविला गेला, आणि कित्येक वर्षें जेन्किन्स हाच राज्य चालवीत होता. ११ डिसेंबर १८५३ रोजीं हे तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीनें दत्तक नामंजूर करून १८५४ सालीं राज्य खालसा केलें. त्याच्या टिपणांतील कारणें वाचण्यासारखीं आहेत. औरस वारस नाहीं ही तर मुख्य सबब होतीच. पण त्याबरोबर ८०,००० चौरस मैलांचा मुलूख, ४० लक्षांचें उत्पन्न, इंग्लंडच्या गिरण्यांस लागणारा कापूस, निजामाच्या राज्यासभोंवार पुरें होणारें इंग्रजी मुलुखाचें कडें, आणि मुंबई-कलकत्त्याची सरळ वाट, हे लाभही त्यानें मोजून दाखविले होते. म्हणजे दत्तकाचा प्रश्न धर्मशास्त्राचा असला तरी त्याचा निकाल भूगोलानेंच दिला होता.

वाड्यांतील जवाहीर, हत्ती, घोडे, बैल ह्यांचा लिलांव झाला. दुसऱ्या रघूजींची वृद्ध विधवा राणी बांकाबाई हिनें घराण्याचा हक्क सोडला नाहीं. दत्तक घेतला गेला, अर्जांमागून अर्ज गेले, वकील इंग्लंडपर्यंत पाठविले गेले. परंतु राज्य परत मिळालें नाहीं. १८५७ सालीं मात्र तिनें आपल्या लोकांस स्वस्थ राहण्यास सांगितलें. पुढें सरकारनें दत्तकास देऊरचे राजाबहादूर ही पदवी व नेमणूक दिली. गोंड राजांप्रमाणें भोसलेही आतां नेमणुकीचे राजे झाले. दरसाल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं नागपुरांत मारबतीची मिरवणूक निघते; तींतील काळी मारबत म्हणजे इंग्रजांस मिळालेली बांकाबाई, असें लोक मानतात. जनतेच्या स्मरणांत १८५७ ची तटस्थ राणी राहिली. १८५४ ची झगडणारी राणी विसरली गेली. पण न्याय करावयाचा तर दोन्ही राण्या एकाच तराजूंत घातल्या पाहिजेत. जिच्याजवळ तट नाहीं, सैन्य नाहीं, आणि सीताबर्डीवर तोफा रोखलेल्या आहेत, अशा वृद्ध स्त्रीनें शहर रक्तपातांतून वांचविलें कीं राज्याची अखेरची संधि दवडली, ह्याचें उत्तर मिरवणुकींतील पुतळ्याइतकें सोपें नाहीं.

राजे गेले, तरी स्थानमाहात्म्य गेलें नाहीं. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी झालें. १८६७ सालीं मुंबईहून आगगाडी आली. १८७७ सालीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. १८६४ सालीं भोसल्यांचा काळ्या पाषाणाचा व लाकडी नक्षीचा जुना वाडा आगींत जळाला, आणि त्याचा नगारखाना तेवढा उरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ मुंबई राज्यांत आला, आणि नागपूरचें राजधानीपण संपलें; १ मे १९६० पासून तें महाराष्ट्राची उपराजधानी आहे, व नागपूर कराराच्या अनुरोधानें विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन तेथें भरतें. ह्या सामीलीकरणांत आपलें हित साधलें कीं नाहीं ह्याविषयीं विदर्भांत अद्यापिही दोन मतें आहेत. ज्या नगरानें दोनदां मित्राच्या हातीं घर सोपविलें त्यानें तिसऱ्या करारांतील प्रत्येक कलम जपून वाचावें, हें स्वाभाविकच आहे.

नागपूरच्या इतिहासाचें सार एका वाक्यांत सांगावयाचें तर तें असें, कीं मध्यभागीं असणें हें ज्या भूमीचें भाग्य तेंच तिचें संकटही होय. बख्त बुलंदानें बारा वाड्या एकत्र करून ज्या वाटांवर नगर वसविलें त्याच वाटांनीं भोसले आले, इंग्रज आले, कापूस गेला, आगगाडी आली. महालांतील गल्ल्यांतून जाणाऱ्यास गोंड राजांचा किल्ला आणि भोसल्यांचा वाडा हीं दोन्ही स्थळें थोड्याच अंतरावर भेटतात, आणि मान वर केली तर पश्चिमेस सीताबर्डी दिसते. नाग नदी मात्र राजांची वा टेकडीची दखल न घेतां आपल्या जुन्या दिशेनें पूर्वेकडे वाहत असते.